सुट्टी नेमकी कोणाची? पोळा, मिलचा रविवार आणि मंडईची रात्र

इयरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि ड्युटीवर असल्यामुळे ऐकता येत नाही म्हणून गुपचूप वाचणाऱ्यांना जरा जास्तीचा नमस्कार. कारण आजचा विषय तुमचाच आहे: सुट्टी.

समजा, भंडारा जिल्ह्यात साकोलीला हायवेच्या कडेला मोबाईलचं एक दुकान आहे. मालक आणि कामाला तिघं. भाऊबीज झाली आहे आणि आठवड्यातल्या एकाच दिवसासाठी तिघांनीही सुट्टी मागितली आहे. पहिल्याच्या गावची मंडई आहे, घर पाहुण्यांनी भरलंय, रात्री नाटक. दुसरीच्या बहिणीचं साक्षगंध आहे. तिसरा म्हणतो, "मला काही नाही, पंधरा दिवस झाले, एक दिवस झोपायचंय." मालक म्हणतो, एकालाच सोडता येईल.

कोणाला सोडायचं?

आपल्या डोक्यात लगेच तराजू तयार होतो. साक्षगंध सगळ्यात जड, मग मंडई, आणि झोप म्हणजे काहीच नाही. लग्न झालेल्याचं कारण जड, एकट्याचं हलकं. लेकराबाळाच्या माणसाला आधी जाऊ दे, तुला काय घाई? तुमच्यापैकी अनेकांनी हे ऐकलं असेल. दर सणाला ड्युटी लावणारं ते पोरगं किंवा ती पोरगी तुम्हीच असाल.

आजच्या भागात या तराजूचा इतिहास बघू. सुट्टीचं कारण वजन करून बघायची पद्धत कधी होती, ती मोडायला कोण भांडलं, आणि ती परत कशी आली.

बैलाची सुट्टी पक्की

सुरुवात शेतातून करू. साकोली हा झाडीपट्टीचा भाग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा पट्टा. इथं वर्ष चालायचं ते धानाच्या हिशोबानं: पेरणी, रोवणी, कापणी, चुरणी.

या सगळ्या कामात एका जिवाची सुट्टी आधीपासून ठरलेली होती. बैलाची. श्रावण अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकायचे, त्याला जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. रोवणी मागं पडली असो की आभाळ भरून आलेलं असो, बैलाला कोणी विचारत नाही की बाबा, तुला आज सुट्टी कशाला पाहिजे?

आणि गड्याला? सालानं ठेवलेला गडी, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. बऱ्याच गावांत त्याचं साल गुढीपाडव्याला सुरू व्हायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. पोळ्याला बैल मोकळा, पण त्याला पाण्यावर नेणं, धुणं, शिंगं रंगवणं, झूल घालून तोरणाखाली उभा करणं हे सगळं गड्याकडेच. घरात पुरणपोळीचा घाट घालणाऱ्या बाईचा तर विषयच सोडा, तिच्यासाठी सण म्हणजे दुप्पट काम.

गड्याला एरवी सुट्टी लागली तर मालकाला सांगायचं. घरी कोणी वारलं, सोयरीक आली, ताप आला, की मालक कारण ऐकणार, पटलं तर "जा" म्हणणार. मालक चांगला असेल तर अडचण नाही. पण तो चांगला आहे यावरच सगळं अवलंबून. बैलाची सुट्टी रिवाजाची, माणसाची मर्जीची. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मुंबईत सूर्य मावळेपर्यंत

आता झाडीतून थेट मुंबईला जाऊ. वर्ष १८८०च्या आसपास. कापडाच्या गिरण्या धडधडतायत आणि कामाची वेळ एकच: सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं, तेरा-चौदा तासांपर्यंत.

आठवड्याची सुट्टी? सगळ्यांसाठी अशी नव्हतीच. मोठे सण आले की मिल बंद राहायची. बऱ्याच ठिकाणी रविवारी यंत्रांची साफसफाई चालायची, आणि ती करायची कामगारांनीच. म्हणजे यंत्र थांबलं तरी माणूस थांबत नव्हता.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात लहान मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा, रोज एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरल्या. लहान मूल म्हणजे कोण? सात ते बारा वर्षांचं! सात वर्षांचं पोर मिलमध्ये असणं कायद्याला चालत होतं. आणि मोठ्या माणसांसाठी, बायांसाठी त्या कायद्यात सुट्टी नव्हती.

इथं नारायण मेघाजी लोखंडे येतात. जन्म १८४८, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. मिलमध्ये नोकरी केलेला माणूस, त्यामुळे आतलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. १८८० पासून ते 'दीनबंधू' हे पत्र मुंबईतून चालवत होते. हे पत्र पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलं होतं.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढं ठेवायला एक अर्ज तयार झाला. त्यावर साधारण साडेपाच हजार कामगारांची नावं होती. मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. कामात इजा झाली तर भरपाई. आज वाचताना वाटतं, एवढंच? पण एवढंच मिळायला सहा वर्षं लागली.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या. १८९० साली, दहा हजार माणसांसमोर, मिलमध्ये काम करणाऱ्या बाया सुट्टी मागत होत्या. आणि १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या सुधारित फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायांसाठी अकरा तासांची मर्यादाही आली.

रविवारच का?

आपण म्हणतो, रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली. साहेबाला चर्चला जायचं होतं, म्हणून आपल्यालाही मिळाली. पण बघा, साहेब तर आधीपासून रविवार पाळत होता आणि मिलमधला कामगार रविवारी यंत्र पुसत होता. साहेबाचा रविवार आपोआप कामगाराचा झाला नाही, मागून घ्यावा लागला.

लोखंड्यांच्या मागणीतली खरी गोष्ट वारापेक्षा मोठी आहे. रविवार हा खंडोबाचा वार, हेही तेव्हा सांगितलं गेलं असं म्हणतात. पण मिलमध्ये सगळे खंडोबाचे भक्त नव्हते. मराठा होते, महार होते, कोकणातले होते, देशावरचे होते, उत्तरेकडचे जुलाहे मुसलमान होते. प्रत्येकाचा सण वेगळा, जत्रा वेगळी. प्रत्येकानं आपापलं कारण घेऊन मालकाकडं जायचं ठरवलं असतं, तर मालकानं एकाचं कारण दुसऱ्याशी तोलून दोघांनाही कामावर ठेवलं असतं.

एकच दिवस, सगळ्यांना, आणि कारण विचारायचं नाही, असं म्हटल्यावर तराजूच बाजूला पडला. त्या दिवशी तुम्ही देवाला जा, लग्नाला जा, सभेला जा नाहीतर चाळीत पडून झोपा. मालकाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे आपल्या दुकानातला तिसरा गडी, ज्याला फक्त झोपायचंय, त्याची सुट्टी १८९० च्या हिशोबानं बहिणीच्या साक्षगंधाइतकीच खरी आहे.

नागपूरची एम्प्रेस मिल

आता परत विदर्भात. साकोलीहून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर नागपूर. तिथं १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस.

मिलपुढची एक मोठी अडचण होती गैरहजेरी. शेतीच्या वेळापत्रकात वाढलेली माणसं घड्याळाच्या भोंग्यावर रोज कशी येणार? सण आला, लग्न निघालं, कापणी आली की माणूस गावी. व्यवस्थापनाच्या भाषेत ही बेशिस्त. कामगाराच्या बाजूनं पाहिलं तर तो आपलं जुनं वर्ष जगत होता. मिलच्या वर्षात त्याच्या वर्षाला जागाच नव्हती, म्हणून तो न सांगता जात होता.

टाटांनी नुसता दंडाचा मार्ग घेतला नाही. मिलमध्ये कामगारांसाठी बक्षिसं, खेळांचे दिवस, पुढं पेन्शन आणि प्रॉव्हिडंट फंड अशा गोष्टी आल्या. त्यात मिलचा फायदा होताच, माणूस टिकून राहावा हा हिशोब होताच. पण एक गोष्ट मिलनं ओळखली. माणूस सुट्टी घेणारच. तुम्ही ती मोजली नाहीत, तर तो न मोजता घेईल.

मुकादम आणि बदली

पण आठवड्याची एक सुट्टी मिळाल्यावरही प्रश्न उरतोच. रविवारशिवाय एखाद्या दिवशी काम निघालं तर? गावी आई आजारी असेल तर?

मुंबईच्या मिलमध्ये याचं उत्तर मुकादमाकडं होतं. माणसं भरणारा तोच, काढणारा तोच, सुट्टीवर सोडणारा तोच. त्यासाठी दस्तुरी चालायची, म्हणजे हातावर काहीतरी ठेवायचं. सुट्टीवरून परत आल्यावर आपली जागा टिकलेली असेल याची खात्री नव्हती, त्यासाठीही हात ओले करावे लागत. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगानं मुकादमांच्या या सत्तेवर बोट ठेवलं होतं. बघा, तराजू परत आला. आता त्यात कारणाबरोबर पैसेही पडायला लागले.

आणि या गोष्टीत एक तिसरा माणूस आहे, त्याच्याकडं आपलं लक्षच जात नाही. बदली कामगार. सकाळी मिलच्या गेटवर उभा राहायचा. कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत. सगळे आले तर घरी परत. तुमची सुट्टी म्हणजे त्याची रोजी, आणि तुमची हजेरी म्हणजे त्याचा उपास. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघटनेनं बदली कामगारांची नोंद ठेवून पाळी लावायची पद्धत आणली. त्यानं मुकादमाची मर्जी थोडी कमी झाली, पण बदलीला स्वतःची म्हणावी अशी सुट्टी नव्हतीच.

आपल्या भागात हाच माणूस वेगळ्या रूपात भेटतो. घरी बसून विड्या वळणारी बाई. मजुरी हजारावर. ती कधीही थांबू शकते, तिला कोणाची परवानगी लागत नाही. पण थांबली त्या दिवशीची मजुरी गेली. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की पहाटे अख्खं घर जंगलात जातं, कारण हंगाम थोड्याच दिवसांचा आणि पैसे पुड्यांच्या मोजणीवर. तिथं सुट्टी कोण घेणार? आज पार्सल पोचवणाऱ्या पोरांचं गणित याच जातीचं आहे. "तुझा तू मालक, हवी तेव्हा सुट्टी घे," असं ज्याला सांगतात, त्याची सुट्टी बहुतेक वेळा सगळ्यात महाग असते.

शटर बंद, प्रश्न बंद

आता कायद्याची वाट पटकन चालून येऊ.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात दोन गोष्टी फार बारकाईनं लिहिल्या होत्या. एक, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यायची, आणि कुठल्याही परिस्थितीत सलग दहा दिवसांहून जास्त काम करून घ्यायचं नाही. दोन, वर्षात २४० दिवस काम केलं की दर वीस दिवसांमागं एक पगारी रजा. ती घ्यायची असेल तर साधारण पंधरा दिवस आधी अर्ज. सगळ्यांनी एकदम रजा मागून काम अडू नये म्हणून मालकानं कामगार प्रतिनिधींच्या संमतीनं रजेची योजना आखायची. यात कोणाचं कारण मोठं, हे कुठंच नव्हतं. एकच कारण रांग मोडू शकत होतं: आजारपण. त्यासाठी आधी अर्ज केलेला नसला तरी शिल्लक रजा द्यावी लागायची.

दुकानांचं काय? १९४२ साली साप्ताहिक सुट्टीचा कायदा आला, पण तो प्रांताच्या सरकारनं लागू केला तरच. साकोली तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होती. तिथं १९४७ साली दुकानं आणि आस्थापनांचा वेगळा कायदा झाला, मुंबई प्रांताचा १९४८ साली. या जुन्या कायद्यांमागची कल्पना सोपी होती: आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद ठेवा. शटर खाली, म्हणजे मालकाला सुट्टी आणि नोकरालाही. कोणी कोणाकडं मागायचं नाही, कोणी कोणासाठी थांबायचं नाही.

मग २०१७ चा महाराष्ट्राचा नवा कायदा आला. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवता येईल, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्यायची. कायदा झाला तेव्हा तो दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठी होता. हक्क कागदावर राहिला, पण त्याचं रूप बदललं. आधी सगळ्यांचा एक दिवस होता, आता प्रत्येकाचा वेगळा. तुमची सुट्टी म्हणजे दुसऱ्याची ड्युटी. भिंतीवर रोस्टर आलं आणि त्याच्यासोबत "तुझं कारण काय?" हा प्रश्नही परत आला. आपल्या दुकानातल्या तिघांचं भांडण इथं जन्माला येतं. आणि तिघांच्या दुकानाला तर सुट्टीचा हा नियम लागूच होत नाही, म्हणजे तिथं परत मालकाची मर्जी.

त्याच कायद्यात एक कामाची ओळ मात्र आहे. वर्षाला आठ सणांच्या पगारी सुट्ट्या. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या, आणि त्या वर्ष सुरू होण्याच्या आधी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाही!

मंडईची शहाणी पद्धत

"वर्ष सुरू होण्याच्या आधी" हे ऐकून मला झाडीपट्टीची मंडईच आठवली. बाहेरच्यांसाठी सांगतो, इथं मंडई म्हणजे भाजीबाजार नाही. दिवाळीनंतर गावोगाव भरणारा उत्सव. मोरपिसांनी सजवलेल्या ढाली घेऊन गोवारी बांधव नाचत येतात, दिवसभर बाजार, लेकीबाळी माहेरी, सोयरीकीच्या गोष्टी, आणि रात्री नाटक, ते थेट पहाटेपर्यंत.

आता वेळ बघा. हेच दिवस धान कापणीचे. शेतात पीक उभं आहे, पाऊस आला तर वर्ष वाया. काम आणि घरचा बेत यांची टक्कर याहून मोठी काय असेल? तरी मंडई होते आणि धानही घरी येतं.

कारण मंडई सगळीकडं एकाच दिवशी नसते. आज या गावाची, उद्या त्या गावाची. ज्या गावची मंडई त्या गावचं काम त्या दिवशी थांबतं, पाहुणे शेजारच्या गावांतून येतात. उद्या पाहुणे यजमान होतात आणि यजमान पाहुणे. तारखा सगळ्यांना आधीपासून माहीत असतात. कोणतं गाव मोठं, कोणाच्या नाटकात नावाजलेले कलावंत, यावर पाळी ठरत नाही. लहान गावालाही आपला दिवस मिळतो, आणि त्या दिवशी मोठं गाव तिथं पाहुणा म्हणून जातं.

तेव्हा "कोणाची सुट्टी मोठी?" हा प्रश्न विचारायची वेळ आली, की समजायचं, आधी करायचं काम राहून गेलं. वर्षाच्या सुरुवातीला तिघांनी कॅलेंडरवर आपापले दिवस लिहिले असते, तर मंडईची तारीख आणि ठरलेलं साक्षगंध त्यात आधीच दिसलं असतं. दोन दिवस एकमेकांवर आले असते तर या वर्षी तू, पुढच्या वर्षी मी. एकट्या राहणाऱ्यालाही तेवढेच दिवस, आणि त्यानं कारण न लिहिता नुसतं नाव लिहिलं तरी चालेल. आजारपण आणि मयत यांच्यासाठी मात्र रांग थांबवायची, तिथं कोणी वाद घालू नये.

आणि हो, त्या दिवशी दुकान सांभाळायला ज्याला बोलवाल, त्या बदलीच्या पोरालाही विचारा, तुझ्या गावची मंडई कधी आहे? त्याची तारीखही त्याच कॅलेंडरवर लिहा.

नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ ला वारले. मुंबईत प्लेग पसरला होता, लोकांसाठी काम करता करता त्यांनाही तो झाला. २००५ साली भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. येत्या रविवारी उशिरापर्यंत झोपलात आणि कोणी विचारलं, "काय रे, काही काम नव्हतं का?" तर त्याला परळची ती सभा सांगा. साडेपाच हजार लोकांनी अर्जावर नावं घातली होती, ती याच झोपेसाठी.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि सुट्टी घ्या!